सल्ला सदर: ती सांगत होती आणि मी रकाना शोधत होते

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत):

वय ३४, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी), नऊ वर्षं बालसंरक्षणाच्या कामात, त्यातली पाच नाशिक जिल्ह्यात, कंत्राटी. गृहभेटी, सामाजिक तपासणी अहवाल, मुलांना बालकल्याण समितीसमोर हजर करणं, बालविवाह थांबवायला जाणं, पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) केसमध्ये मुलीसोबत दवाखाना आणि कोर्ट. मिस्टर अंबडला कंपनीत, मुलगी दुसरीत. झोप लागत नाही, फोन वाजला की छातीत धस्स होतं, घरी चिडचिड. सासूबाई म्हणतात जगाची पोरं सांभाळते आणि स्वतःचीकडे बघत नाही. "मागच्या महिन्यात एक मुलगी समोर बसून तिच्यासोबत काय झालं ते सांगत होती आणि माझ्या डोक्यात एकच, हे फॉर्मच्या कुठल्या रकान्यात बसेल. ती गेल्यावर मी डबा खाल्ला. गवारीची भाजी होती, चवीने खाल्ली. रात्री मला माझीच भीती वाटली." शिवाय पेठच्या बाजूच्या एका पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न त्यांनी थांबवलं होतं, चार महिन्यांनी तिकडे गुजरातच्या हद्दीत नेऊन ते उरकलं गेलं. विचारतात, "मी दगड झालेय का? नोकरी सोडू का? सोडली तर त्या मुलांचं काय? मी कमी पडतेय."

*

अगं, आधी त्या गवारीबद्दल बोलू. (तुला अगं-तुगं करतेय, वयाने बरीच मोठी आहे आणि तुझ्याच कामातून रिटायर झालेय, तेव्हा चालवून घे.)

तूच लिहिलंयस की त्या दिवशी सकाळी सातला घरातून निघालीस, मेडिकल होईपर्यंत दवाखान्यात उभी होतीस आणि डबा उघडला तेव्हा चार वाजले होते. नऊ तास पोटात काही नसलेल्या बाईला गवार गोड लागली तर तो भुकेचा गुण आहे, त्यात दगडाचा काय संबंध! अमरधाममध्ये काम करणारा माणूससुद्धा दुपारी चहा पितो, आणि आपण त्याला निर्दय म्हणत नाही.

आणि रकान्याचं. तू ते कबुलीजबाब दिल्यासारखं लिहिलंयस, पण तिच्या बाजूने बघ ना जरा. ती पोर सांगत असताना तू रडली असतीस तर ती गप्प झाली असती. मोठी माणसं रडायला लागली की मुलं आपलं बोलणं आवरतं घेतात, उलट आपल्यालाच सांभाळायला लागतात, हे तू नऊ वर्षांत शंभर वेळा बघितलं असशील. तिला समोर हवं होतं एक न हलणारं माणूस जे तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत नीट उतरवून घेईल, म्हणजे तेच तेच तिला दहा ठिकाणी सांगत बसावं लागणार नाही. ते तू केलंस. तेव्हा त्या तासाभराबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार त्यानंतरच्या आठ तासांबद्दल आहे, चार ते बारा, ज्यात तू तो डबा धुतलास, आणखी दोन अहवाल टाइप केलेस, स्कूटी काढून घरी गेलीस, कुकर लावलास आणि एका माणसालाही म्हणाली नाहीस की आज असं असं झालं आणि मला काहीच वाटलं नाही. मग ते अंधारात भीती होऊन आलं, येणारच होतं.

आता दुसरी गोष्ट. तुझं पत्र मी पेन्सिल घेऊन वाचलं (जुनी सवय, अहवाल तपासायची). त्यात अकरा तक्रारी आहेत. मुलांच्या दुःखामुळे त्रास होतो अशा किती? दोन. बाकी नऊमध्ये काय काय आहे तर मानधन तीन-तीन महिने उशिरा, गाडीचं पेट्रोल खिशातून, सुरगाण्याला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस आणि त्याच दिवशी पोर्टलवर माहिती भरायची राहिली म्हणून ग्रुपवर जाहीर पाणउतारा, दर वर्षी करार वाढेल का ही धाकधूक, दोघांचं काम एकटीकडे, रविवारी फोन, आणि वरून घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात तसं कुठल्यातरी मोहिमेच्या फोटोसाठी उन्हात उभं राहणं. तू मात्र शेवटी या सगळ्याची बेरीज करून उत्तर काढलंस "मी कमी पडतेय". चार वेळा आलंय हे वाक्य पत्रात. गणित चुकलंय गं.

बर्नआउट हा शब्द आता कुणीही कशालाही वापरतं, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद केली तेव्हा आजार म्हणून नाही केली, कामाच्या जागचा ताण दीर्घकाळ साचत राहिला आणि कुणी तो नीट हाताळला नाही की येणारी अवस्था, अशी केली. त्याच्या तीन खुणा सांगितल्यात, अंगातलं त्राण जाणं, कामाबद्दल परकेपणा किंवा तिरकसपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तुझ्यात तिन्ही दिसतात. पण यात "कामाच्या जागचा" हे लक्षात घे. त्यामुळे कुणी तुला सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढ, प्राणायाम कर असं सांगितलं तर जरूर कर, पायऱ्या चांगल्याच आहेत, फक्त पायऱ्या चढून थकलेलं मानधन खात्यात येत नाही एवढं ध्यानात असू दे. ट्रेनिंगमध्ये शेवटच्या तासाला 'स्ट्रेस मॅनेजमेंट' म्हणून डोळे मिटून बसवतात ना, मला त्याचा नेहमी राग यायचा.

राहिल्या त्या दोन तक्रारी, त्या वेगळ्या जातीच्या आहेत आणि त्यांना कमी लेखू नको. तू लिहिलंस की मुलीच्या व्हॅनवाल्या काकांचा नंबर, पत्ता, आधी कुठे काम करत होते ते सगळं शोधून काढलंस, तिला शेजारी खेळायला पाठवत नाहीस, भाऊ भाचीला उचलून घेतो तेव्हाही तुझी नजर त्याच्या हातावर जाते आणि मग स्वतःचीच लाज वाटते. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मी एका संस्थेत समुपदेशक होते तेव्हाची गोष्ट सांगते. रंगपंचमीला नाशिकात तिवंध्याच्या रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदावर, अख्खी गल्ली गोळा झालेली, पोरं धपाधप उड्या मारतायत, रंगाचं पाणी वर उडतंय, माझा मुलगा ओरडून मला हाक मारतोय की आई बघ बघ, आणि मी काठावर उभी राहून मोजत होते, कुठलं पोर कुठल्या माणसाच्या किती जवळ उभं आहे. मुलाची उडी मी बघितलीच नाही. त्याने विचारलं बघितली का, मी हो म्हणाले.

दुसऱ्यावरचे घाव रोज ऐकून ऐकून आपल्या आत त्याचे वळ उठतात, याला सेकंडरी ट्रॉमा म्हणतात. हा सुट्टी घेऊन आपोआप जात नाही आणि बर्नआउटसारखा फक्त कामाचा बोजा कमी करूनही जात नाही, कारण जगाकडे बघायची नजरच बदललेली असते. त्याला बोलणं लागतं, कधी समुपदेशक लागतो, कधी डॉक्टर. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली असेल, ऐकलेल्या गोष्टींची चित्रं नको तेव्हा डोळ्यांसमोर येत असतील, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं वाटत असेल, तर सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. तू किती मुलींना हात धरून तिथे नेलंयस, मग स्वतःच्या वेळी काय आडवं येतं? ऑफिसातलं कुणी दिसेल ही धास्ती असेल तर आधी १४४१६ ला फोन कर, टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. तू हा नंबर पोस्टरवर चिकटवला असशील, स्वतःसाठी कधी लावला नसशील.

मुलीबद्दल एक करून बघ. तुझ्यासारखी माहिती असलेल्या आईने काय करायचं हे तुला पाठ आहे, म्हणजे चांगला स्पर्श वाईट स्पर्श शिकवणं, 'काही झालं तर मला सांग, मी रागावणार नाही' हे सांगणं, व्हॅनवाल्याची चौकशी. ते तू केलंस. केलं ना? मग आता शेजारच्या घरी अर्धा तास पाठव आणि त्या अर्ध्या तासात गॅलरीत उभी न राहता काहीतरी निवड, तांदूळ निवड. पहिल्यांदा जीव वर-खाली होईल. चौथ्यांदा कमी होईल. नजरेला सवय मोडायला तेवढा वेळ द्यायचा.

आता पेठच्या त्या मुलीकडे येते, कारण मला वाटतं तुझं खरं तिथे अडलंय. तू लिहिलंस "मी तिला वाचवू शकले नाही". या वाक्यात तू, ती, आणि मध्ये कुणीच नाही. ग्रामसेवक, ज्याला कायद्याने गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी केलंय तो नाही, पोलीस पाटील नाही, तिच्या शाळेतले गुरुजी नाहीत, द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला जाताना वयात आलेली पोर झोपडीत एकटी कुठे ठेवायची हा तिच्या आईबापांसमोरचा प्रश्न नाही. त्या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर होतं का? वसतिगृहाची जागा तुझ्या हातात होती का? त्या दिवशी तुझ्या हातात काय होतं तर मांडव थांबवणं, मुलीला समितीसमोर उभं करणं, अहवाल देणं. ते सगळं झालं. तिला घरी पाठवायचा निर्णय समितीचा होता, अध्यक्ष आणि चार सदस्य असतात तिथे, आणि तो वाईट हेतूने नव्हता, कारण मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय हे २०१५ च्या बाल न्याय कायद्यातच लिहिलंय. आईवडिलांनी हमीपत्र दिलं, सगळ्यांनी विश्वास ठेवला, तो मोडला. तुझ्याकडून एक राहिलं असेल, पुढच्या चार महिन्यांत पाठपुराव्याची भेट. एक. ती का राहिली ते वर आलंय, दोघांचं काम एकटीकडे.

आणि ती गोष्ट संपली असं तू धरून चाललीयस, तसं नाहीये. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार तिला हे लग्न रद्द करून मागता येतं, सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे तिच्या विसाव्या वर्षापर्यंत, आणि अज्ञान असतानाही पालक किंवा तिच्या वतीने उभं राहणाऱ्या माणसामार्फत, बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याला सोबत घेऊन. शिवाय अठराच्या आतली आहे म्हणजे पोक्सोही आहेच आणि कळल्यावर कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, ते तू केलं असशीलच, नसेल तर उद्या कर. तिला हे सगळं सांगायला तूच गेलं पाहिजेस असंही नाही. पण तिला कुणीतरी सांगितलं पाहिजे, तेव्हा फाइलवर ते लिहून ठेव, ठळक, म्हणजे तुझ्या खुर्चीत उद्या दुसरं कुणी बसलं तरी ते पुढे जाईल.

यावरून फोन. तू अभिमानाने लिहिलंयस की पन्नासेक मुलांकडे आणि त्यांच्या आयांकडे तुझा पर्सनल नंबर आहे आणि तू रात्री दोनलाही उचलतेस. मला माहितीये का दिलास, पहिल्या वर्षी मीही दिला होता. पण १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन मुंबईत १९९६ ला सुरू झाली तेव्हापासून रात्रंदिवस चालतेय ती कशाच्या जोरावर? तिथे पाळ्या आहेत म्हणून. तुझ्या मिस्टरांच्या कंपनीत मशीन चोवीस तास चालतं, ऑपरेटर आठ तासांनी बदलतो. तू एकटी तिन्ही पाळ्या करतेयस आणि विचारतेयस मी का दमले. मुलांना १०९८ पाठ करून दे, घाईच्या वेळी ११२, हे त्यांच्या भल्याचं आहे, कारण तुझा फोन एका रात्री बंद असणारच आहे, आणि ज्या रात्री तो बंद असेल त्या रात्री त्या मुलाकडे दुसरा नंबर असला पाहिजे. ऑफिसच्या कामाला वेगळं सिम घे. रात्रीच्या तातडीच्या कामांसाठी तुम्ही जे तीन-चार जण आहात त्यांनी वार वाटून घ्या, लेखी, वरिष्ठांची सही घेऊन. सही मिळाली नाही तरी आपापसात घ्या. पहिल्या आठवड्यात अपराधी वाटेल आणि तू चोरून फोन बघशील, बघ, चालतंय.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. एमएसडब्ल्यूला फिल्डवर्क करताना दर आठवड्याला आयसी, इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, व्हायची आठवतं? गाइडसमोर बसून अर्धा-पाऊण तास, काय केलंस, मुलाने काय म्हटलं, तेव्हा तुला काय वाटलं, का वाटलं. आपण कंटाळायचो, मागच्या आठवड्याचा रिपोर्ट रिक्षात बसून लिहायचो. आणि गंमत बघ, विद्यार्थी असताना हातात एखादी-दुसरी साधी केस होती तेव्हा दर आठवड्याला कुणीतरी विचारत होतं तुला काय वाटलं, आणि आता चाळीस केसेस आहेत, त्यात पोक्सो, पळून आलेली, भिकेला लावलेली, मेंढ्यांमागे कामाला दिलेली, आता कुणी विचारत नाही. सुपरव्हिजन या शब्दाचा आपल्याकडे अर्थच उरलाय 'अहवाल का नाही आला'.

तर आयसी परत सुरू कर. वरून येईल याची वाट बघू नको, मी अकरा वर्षं बघितली. तुझ्यासारख्या चार-पाच जणी शोध, एखादी वन स्टॉप सेंटरमधली (अत्याचार झालेल्या बायकांच्या मदत केंद्रातली), एखादी बालगृहातली, एखादी दवाखान्यातली समाजसेवा अधीक्षक, महिन्यातून एक शनिवार, कुणाच्यातरी घरी. आम्ही नाशिकच्या मेरी भागात एका मैत्रिणीकडे जमायचो. नियम दोनच होते. मुलाचं नाव, गाव, शाळा काही सांगायचं नाही, आणि अंगावर काटा येईल असे तपशील समोरचीला विचारल्याशिवाय ओतायचे नाहीत, आधी 'सांगू का, झेपेल का आज' विचारायचं. नाहीतर हलकं व्हायला गेलेली बाई पाच जणींना जड करून येते. पहिल्या बैठकीत आम्ही मानधनाला शिव्या घातल्या, दुसऱ्या बैठकीत पण, तिसऱ्या बैठकीत एक जण म्हणाली मला हल्ली काहीच वाटत नाही गं, आणि बाकी चौघी एकदम म्हणालो मलाही. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी झोपले.

तू लिहिलंस की गोपनीयतेमुळे घरी काही बोलता येत नाही. अगं, गोपनीय त्या मुलाची ओळख आहे, तुझी झोप नाही. मिस्टरांना एवढं तर म्हणता येतं ना, की आज कठीण दिवस होता, तपशील विचारू नका, भाकरी तुम्ही टाका. सासूबाईंनाही सांग. त्यांच्या टोमण्यात थोडा हेवा आहे असं मला वाटतं, सून रोज एवढं काय महत्त्वाचं करते हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नसेल.

मानधनाचा अर्ज एकटीने करू नको, सगळ्या कंत्राटी लोकांच्या सह्यांनी कर, पोच घे, पेट्रोलचा हिशोब तारखेसकट जोड. निकाल लागेलच असं सांगत नाही. पण तोंडी कुरकुर आणि लेखी मागणी यात तुझ्या स्वतःच्या पाठीच्या कण्याला फरक पडतो.

नोकरी सोडू का? सोडलीस तर मी तुला पळपुटी म्हणणार नाही. मी सोडली होती, मधे दोन वर्षं मी चक्क शिकवण्या घेत होते, मग परत आले. पैशासाठी सोडलीस तरी लाज नाही, मुलांवरचं प्रेम आणि मुलीच्या शाळेची फी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र आत्ता, या अवस्थेत ठरवू नको, इतक्या दमलेल्या माणसाला प्रत्येक दार बाहेरचंच दिसतं. आधी सलग आठ-दहा दिवस रजा, मग तीन महिने वर सांगितलेलं, निदान फोन आणि शनिवार एवढं तरी, आणि मग बघ. त्यातही सोडणं किंवा राहणं एवढेच दोन रस्ते नाहीत. बाल संगोपन योजनेचं काम, दत्तक प्रक्रियेचं काम, नवीन मुलींना ट्रेनिंग देणं, हेही बालसंरक्षणच आहे आणि तिथे रात्री दोनला फोन येत नाही. २०२७ ला नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा आहे, गर्दीत हरवणाऱ्या पोरांसाठी माणसं तयार करायला तुझ्याइतकी अनुभवी बाई लागेलच.

"सोडली तर त्या मुलांचं काय" याचं उत्तर देण्याआधी मला विचारायचंय, तू पाच दिवस तापाने पडलीस तर त्या मुलांचं काय? जर उत्तर 'काहीच नाही, सगळं अडेल' असं असेल तर मुलं आजही सुरक्षित नाहीत, तू असूनही. म्हणून रजेवर जायच्या आधीचे चार दिवस फाइली लावण्यात घाल, प्रत्येक केसच्या पहिल्या पानावर पुढची तारीख, पुढचं पाऊल, कुणाला फोन करायचा. हे तू रजेसाठी करशील पण उपयोग मुलांना होईल.

तुझ्या पत्रात एक ओळ होती की आठ सीएल शिल्लक आहेत आणि मागायची हिंमत होत नाही कारण काय कारण लिहू. सोमवारी अर्ज दे. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिही, एकच शब्द, त्यापुढे स्पष्टीकरण जोडू नको. आणि पहिल्या दिवशी गवार कर, गरम गरम, सगळ्यांसोबत बसून.